टॅब्लेट आणि स्मार्टफोनवरील चित्रकला व वास्तुआरेखन : साधने, पद्धती आणि मर्यादा

टॅब्लेटच्या किंवा स्मार्टफोनच्या काचेवर लेखणीने अथवा बोटाने चित्र काढणे, घराचा आराखडा मांडणे, उभ्या वास्तूची मापे घेणे या गोष्टींची नवलाई आता राहिलेली नाही. चतुर्थीच्या मखराची कल्पना, नाट्यप्रयोगाचे भित्तिपत्रक, दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ, घराला जोडावयाच्या नव्या खोलीचा पहिला कच्चा नकाशा असे पुष्कळ काही आज या लहानशा पडद्यावर आकार घेते. ही साधने हाताळण्यास सोपी असली, तरी त्यांच्या कार्यपद्धतीविषयीचे अज्ञान महागात पडते. पडद्यावर सुरेख दिसणारे चित्र छपाईत फुटते, अनेक महिन्यांचे काम एका चुकीच्या स्पर्शाने नाहीसे होते आणि फोनने घेतलेल्या मापावर करवून घेतलेले कपाट भिंतीत बसत नाही. हौशी चित्रकार, कलाशाखेचे व वास्तुशाखेचे विद्यार्थी आणि आपल्या जुन्या घराची नोंद करून ठेवू इच्छिणारे घरमालक यांना उपयोगी पडेल अशी माहिती येथे एकत्र दिली आहे.

पूर्वपीठिका

पडद्यावर थेट रेषा काढण्याची कल्पना स्मार्टफोनपेक्षा पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ ही आज्ञावली प्रबंधाच्या रूपाने मांडली. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा काढावी, दोन रेषा समांतर किंवा समान लांबीच्या असाव्यात अशी अट घालावी आणि संगणकाने ती अट पाळून आकृती सुधारून द्यावी, अशी तिची रचना होती. पडद्यावरील आरेखनाचा आरंभ अशा रीतीने रंगचित्रापेक्षा अभियंत्याच्या व वास्तुविशारदाच्या नकाशाच्या अंगाने झाला. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, रँड कॉर्पोरेशनने सपाट पाटीवर लेखणी फिरवून संगणकात रेषा उतरविण्याचे साधन सादर केले. १९८२ मध्ये ‘ऑटोकॅड’ बाजारात आले आणि आरेखन-फलकाची जागा हळूहळू संगणकाने घेतली. १९८३ मध्ये जपानमध्ये स्थापन झालेल्या वॅकॉम कंपनीने बिनतारी लेखणीची पाटी चित्रकारांच्या हाती दिली.

या पाट्यांवर हात टेबलावर आणि डोळे पडद्यावर, अशी फारकत होती. २००७ मध्ये आलेला आयफोन, २०१० मधील आयपॅड, २०११ मधील सॅमसंगचा लेखणीसह येणारा गॅलेक्सी नोट आणि २०१५ मधील आयपॅड प्रो व ॲपल पेन्सिल या टप्प्यांनी ती फारकत मिटविली. रेषा लेखणीच्या टोकाखालीच उमटू लागली आणि साधन पिशवीत घालून कोठेही नेणे शक्य झाले.

कलाक्षेत्राने केलेला स्वीकार

‘द न्यूयॉर्कर’ या अमेरिकी नियतकालिकाच्या १ जून २००९ च्या अंकाचे मुखपृष्ठ जॉर्ज कोलंबो यांनी आयफोनवर ‘ब्रशेस’ या ॲपने बोटाने रंगविले होते. फोनच्या चिमुकल्या पडद्यावरील चित्र एका प्रतिष्ठित अंकाच्या मुखपृष्ठावर आले, ही त्या काळी लक्षणीय घटना ठरली.

या माध्यमाला सर्वाधिक मान मिळवून दिला तो ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉक्नी यांनी. १९३७ मध्ये जन्मलेल्या हॉक्नी यांनी सत्तरी ओलांडल्यावर आधी आयफोन आणि नंतर आयपॅड हाती घेतला. पडदा स्वतःच उजळलेला असल्यामुळे दिवा न लावता पहाटेचा अंधार आणि उगवता सूर्य रंगविता येतो, हे त्यांना विशेष मोलाचे वाटले. इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातील वसंतागमनाची २०११ मधील त्यांची आयपॅड-चित्रे मोठ्या आकारात छापून लंडनच्या रॉयल अकादमीत २०१२ मध्ये मांडण्यात आली. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात २०२० च्या वसंतात काढलेल्या अशाच ११६ चित्रांचे प्रदर्शन तेथेच २०२१ मध्ये भरले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये २०१८ साली बसविलेल्या रंगीत काचेच्या खिडकीचा आराखडाही त्यांनी आयपॅडवरच केला. पडद्यावरची रेषा काच, शिसे आणि कारागिरांचे हात यांच्याद्वारे वास्तूत कशी उतरते, याचे ते उदाहरण होय.

लेखणीचे प्रकार

पडद्यावर चालणाऱ्या लेखण्या मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. पहिली साधी रबरी टोकाची लेखणी. ती पडद्याला बोटासारखीच भासते. तिला दाब किंवा कल कळत नाही आणि टोक जाड असल्याने बारीक काम जमत नाही. ती स्वस्त असते आणि बहुतेक सर्व पडद्यांवर चालते.

दुसरा प्रकार विद्युत-चुंबकीय अनुनादावर चालणाऱ्या लेखणीचा. पडद्याखालील जाळीतून निर्माण होणाऱ्या क्षेत्रातूनच लेखणीला ऊर्जा मिळते. त्यामुळे रेषा काढण्यासाठी तिला बॅटरी लागत नाही. वॅकॉमच्या पाट्या आणि सॅमसंगची एस पेन या प्रकारात मोडतात. तिसरा प्रकार स्वतःची बॅटरी असलेल्या सक्रिय लेखणीचा. ॲपल पेन्सिल हे त्याचे परिचित उदाहरण आहे.

दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांत सामान्यतः लेखणीचा दाब मोजला जातो आणि त्यानुसार रेषा जाड-बारीक किंवा गडद-फिकी होते. दाबाच्या पातळ्या ४०९६ की ८१९२, यावर जाहिरातींत बराच भर असतो. प्रत्यक्ष कामात तेवढ्याने फारसा फरक पडत नाही. लेखणी कलती धरल्याचे पडद्याला कळते काय, हात टेकला असता नको त्या रेषा उमटतात काय, लेखणीचे टोक आणि उमटणारी रेषा यांत अंतर दिसते काय आणि हात भरभर चालविला असता रेषा मागे राहते काय, या चार गोष्टी दुकानात स्वतः रेघोट्या ओढून तपासणे अधिक हिताचे. ॲपल पेन्सिलच्या निरनिराळ्या पिढ्या सर्व आयपॅडवर चालत नाहीत. म्हणून वापरलेले साधन विकत घेताना लेखणी आणि टॅब्लेट यांची जोडी जुळते काय, हे आधी पाहावे.

गोव्याच्या पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. बोटांच्या स्पर्शावर चालणारा पडदा ओलसर झाला की थेंबालाच स्पर्श समजतो आणि भलतीच रेषा उमटते. बाहेर बसून काम करताना कोरडे सुती फडके जवळ ठेवणे एवढा साधा उपाय पुरतो.

बिंदूंचे चित्र आणि रेषांचे चित्र

पडद्यावरील चित्रे दोन पद्धतींनी साठविली जातात. बिंदुचित्रात प्रत्येक ठिपक्याचा रंग नोंदलेला असतो. जलरंगाचा ओघळ, खडूचा खरखरीतपणा, मिसळणाऱ्या छटा यांसाठी ही पद्धत योग्य. असे चित्र मर्यादेबाहेर मोठे केले की ठिपके दिसू लागतात. रेषाचित्रात आरंभबिंदू, अंतबिंदू, वक्रता आणि जाडी यांचे गणित साठविलेले असते. ते हवे तेवढे मोठे केले तरी कडा धारदार राहतात. बोधचिन्हे, अक्षरे आणि वास्तूंचे नकाशे यांसाठी ही पद्धत लागते.

बिंदुचित्र सुरू करतानाच त्याचा अंतिम आकार ठरवावा लागतो. छपाईसाठी एका इंचात ३०० बिंदू हे प्रमाण रूढ आहे. त्यानुसार ए४ आकाराच्या चित्राला २४८० × ३५०८ आणि ए३ आकाराच्या चित्राला ३५०८ × ४९६१ बिंदू लागतात. फोनवर १०८० बिंदू रुंदीचे काढलेले चित्र याच प्रमाणात छापले तर ते जेमतेम ९ सेंटीमीटर रुंद होते. त्याचे भित्तिपत्रक करू पाहिल्यास चित्र फुटणारच. दुरून पाहावयाच्या फलकासाठी एका इंचात १०० बिंदू चालू शकतात. तीन फूट रुंदीसाठी तेव्हाही ३६०० बिंदू हवेतच.

साधनाच्या क्षमतेचा प्रश्नही येथेच येतो. एका बिंदूसाठी साधारण ४ बाइट धरल्यास ए३ आकाराच्या चित्राचा एक थर सुमारे ७० मेगाबाइट स्मृती व्यापतो. २० थरांचे चित्र जवळपास १.४ गिगाबाइटवर जाते. कमी स्मृतीच्या टॅब्लेटवर मोठ्या चित्रासाठी थोडेच थर मिळतात, त्याचे कारण हे. खरेदी करताना साठवणुकीच्या जागेइतकेच या कार्यकारी स्मृतीकडेही लक्ष द्यावे.

चित्रकलेच्या आज्ञावल्या

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील कंपनीने २०११ मध्ये आणलेले ‘प्रोक्रिएट’ हे आयपॅडवरील सर्वांत परिचित ॲप आहे. ते एकदाच किंमत मोजून घ्यावे लागते. आयफोनसाठी त्याची वेगळी आवृत्ती आहे, अँड्रॉइडसाठी मात्र नाही. चित्र कसे घडत गेले, याची चित्रफीत ते आपोआप नोंदवीत असल्याने शिक्षणात त्याचा चांगला उपयोग होतो. जनित्र-कृत्रिम बुद्धिमत्तेची चित्रे आपल्या ॲपमध्ये आणणार नसल्याचे या कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केले. चित्रकारांच्या श्रमांचे मोल काय राहणार, या वादात ही भूमिका बरीच चर्चिली गेली.

अँड्रॉइड साधनांवर ‘आयबिस पेंट’, ‘इन्फिनिट पेंटर’ आणि ‘स्केचबुक’ ही ॲप्स बरीच वापरली जातात. ‘क्रिता’ ही मुक्त आज्ञावली असून मोठ्या पडद्याच्या अँड्रॉइड टॅब्लेटसाठी तिची आवृत्ती उपलब्ध आहे. चित्रकथा रेखाटणाऱ्यांत जपानी ‘क्लिप स्टुडिओ पेंट’ लोकप्रिय आहे. नवशिक्याने विनामूल्य ॲपवर आरंभ करून थर, मुखवटा, निवड आणि मिश्रण या चार संकल्पना नीट आत्मसात केल्या, तर पुढे कोणत्याही ॲपवर जाणे अवघड ठरत नाही. शेकडो तयार कुंचले उतरवून घेण्याचा मोह मात्र टाळावा. एक पेन्सिल, एक शाईचा पेन आणि एक सपाट कुंचला एवढ्यावर काही महिने काम केल्यास हाताला वळण लागते.

‘मागे घ्या’ ही आज्ञा सतत हाताशी असल्याने रेषेत एक प्रकारची साशंकता येते, असा चित्रकला शिकविणाऱ्यांचा आक्षेप असतो. एकच रेषा दहा वेळा पुसून काढणाऱ्याचा हात कागदावर अडखळतो. त्यासाठी दररोज काही रेखाटने ही आज्ञा न वापरता पूर्ण करण्याचा सराव उपयोगी पडतो.

देवनागरी अक्षरांचा प्रश्न

मराठी मजकूर घालताना काही चित्रकला-ॲप्समध्ये जोडाक्षरे तुटतात, ऱ्हस्व इकार अक्षराच्या भलत्याच बाजूला जातो किंवा रफार जागा सोडतो. देवनागरीतील अक्षरे एकमेकांशी जुळवून मांडण्याची सोय त्या ॲपमध्ये अपुरी असणे, हे त्याचे कारण होय. अशा वेळी मजकूर लेखनासाठी असलेल्या दुसऱ्या ॲपमध्ये युनिकोडमध्ये टंकून, पीडीएफ किंवा पारदर्शक पार्श्वभूमीची प्रतिमा करून चित्रात आणावा. संगणकावरील देवनागरीची घडण सुलेखनकारांच्या हातून झाली आहे. विंडोजवर वर्षानुवर्षे वापरला गेलेला ‘मंगल’ हा टंक सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रचलेला आहे. टॅब्लेटवर सुलेखन करावयाचे असल्यास चपट्या टोकाच्या बोरूसारखा कुंचला निवडून त्याचा कोन स्थिर ठेवावा. लेखणीच्या दाबाने जाडी बदलण्याची सोय त्या वेळी बंद ठेवली, तर अक्षराची जाड-बारीक वळणे बोरूच्या नियमाने उतरतात.

रंग आणि छपाई

पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग दाखवितो. छापखाना निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया वापरतो. पडद्यावरचा लखलखीत हिरवा किंवा विजेसारखा निळा शाईत येत नाही, तो मंदावतो. महत्त्वाचे काम छापण्यापूर्वी एक लहान नमुना छापून पाहावा. रंग ठरविताना पडद्याचा पिवळसर रात्र-प्रकाश आणि भोवतालानुसार रंग बदलणारी सोय बंद ठेवावी आणि उजेडाची पातळी मध्यम असावी. छापखान्याकडे चित्र पाठविताना ते संदेशवहनाच्या ॲपवर छायाचित्र म्हणून पाठविल्यास आपोआप आकुंचित होते. तेथेच दस्तऐवज म्हणून पाठविल्यास मूळ प्रत जशीच्या तशी पोहोचते.

वास्तुआरेखनातील उपयोग

वास्तुविशारदाच्या कामात टॅब्लेटने पहिली जागा घेतली ती पारदर्शक कागदाच्या गुंडाळीची. मूळ नकाशावर पातळ कागद ठेवून नवी कल्पना रेखाटायची, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, ही जुनी रीत थरांच्या रूपाने पडद्यावर आली. ‘मॉर्फोलिओ ट्रेस’ हे ॲप याच कल्पनेवर उभे आहे. ‘कन्सेप्ट्स’ हे ॲप रेषा गणिताच्या रूपात ठेवते, त्यामुळे हाताने काढलेली रेषाही नंतर हलविता व मोजता येते. त्रिमितीय रचनेसाठी ‘स्केचअप’ आयपॅडवर उपलब्ध आहे. हंगेरीतील ‘शेपर थ्रीडी’ लेखणीने घन आकार घडवू देते. ‘ऑटोकॅड’ची फोन व टॅब्लेटवरील आवृत्ती प्रत्यक्ष बांधकामाच्या जागी नकाशा उघडून पाहण्यास, मापे तपासण्यास आणि टिपा लिहिण्यास सोयीची पडते. पूर्ण तपशिलांचे कार्यनकाशे मात्र आजही मुख्यतः मोठ्या पडद्याच्या संगणकावरच तयार होतात.

पडद्यावर आरेखन करताना सर्वांत मोठा धोका असतो तो प्रमाण हरवण्याचा. दोन बोटांनी नकाशा मोठा-लहान करता येत असल्यामुळे खोली प्रत्यक्षात केवढी, याची जाणीव सुटते. यासाठी आरंभीच १:१०० किंवा १:५० असे प्रमाण ठरवावे. १:१०० मध्ये १० मीटरची भिंत १० सेंटीमीटरची दिसते. नकाशात एक उभी मानवाकृती आणि ०.९ × २.१ मीटरचे एक दार आधी काढून ठेवले, तर बाकीच्या गोष्टी त्यांच्या तुलनेत तपासता येतात. छेदलेल्या भिंती जाड रेषेने, पलीकडे दिसणाऱ्या कडा मध्यम रेषेने आणि फरशी किंवा कौलांचे नक्षीकाम बारीक रेषेने दाखविण्याचा संकेत पडद्यावरही पाळावा.

पीडीएफ छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय निवडला गेला की ठरविलेले प्रमाण मोडते आणि गवंडी पट्टी लावून चुकीचे माप घेतो. त्यावर उपाय म्हणजे नकाशाच्या कोपऱ्यात मीटरच्या खुणांची पट्टी काढून ठेवणे आणि महत्त्वाची मापे आकड्यांत लिहिणे. नकाशा लहान-मोठा छापला गेला तरी पट्टी त्याच प्रमाणात बदलते आणि आकडे खोटे बोलत नाहीत.

फोनचे माप आणि टेपचे माप

२०२० मधील आयपॅड प्रो आणि आयफोन १२ प्रोपासून ॲपलच्या काही साधनांत लायडार हा संवेदक आला. तो प्रकाशाचे स्पंद पाठवून परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढतो; त्याचा पल्ला सुमारे ५ मीटर आहे. खोलीतून फोन फिरविला की भिंती, दारे आणि खिडक्यांचा त्रिमितीय आराखडा तयार होतो. लायडार नसलेल्या फोनवर एकमेकांवर बरीच आच्छादणारी अनेक छायाचित्रे घेऊन त्यांपासून त्रिमितीय प्रतिकृती बनविता येते. मात्र लांबी माहीत असलेली एखादी पट्टी चौकटीत ठेवावी लागते, कारण छायाचित्राला स्वतःचे माप नसते.

या पद्धती वेगवान आहेत, परंतु त्यांच्या मापांत काही सेंटीमीटरचा फरक पडू शकतो. ८ मीटरच्या भिंतीत एक टक्क्याची चूक म्हणजे ८ सेंटीमीटर. खोलीचे क्षेत्रफळ काढण्यास किंवा रंगाचा अंदाज बांधण्यास ते चालते; दाराची चौकट, ओटा, कपाट किंवा जिना यांसाठी चालत नाही. काच, आरसे आणि काळे चकचकीत पृष्ठभाग संवेदकाला फसवितात. फोन खोलीच्या आतील बाजू पाहतो, भिंतीची जाडी पाहत नाही. ती दाराच्या किंवा खिडकीच्या जागी टेपनेच मोजावी लागते. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती असलेल्या घरात ही बाब विसरली, तर साऱ्या खोल्या जोडून काढलेला नकाशा प्रत्यक्ष घराशी जुळत नाही.

जुन्या घराची नोंद

गोव्यात या साधनांचा सर्वांत निकडीचा उपयोग कोठे असेल, तर तो जुन्या घरांच्या नोंदीत. राजांगण, तुळशीवृंदावन, बाल्कांव, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, मंगळुरी कौलांखालील लाकडी कैच्या ही या भूमीच्या गृहरचनेची लक्षणे आहेत. घराचे वारस विखुरतात, डागडुजी पुढे ढकलली जाते, कौलांतून पाणी झिरपते, वासे कुजतात आणि एखाद्या पावसाळ्यात छप्पर बसते. मूळ नकाशा बहुतेक घरांचा नसतोच. घर पडल्यावर किंवा पाडल्यावर त्याची रचना केवळ वृद्धांच्या आठवणीत उरते. मारियो मिरांडा यांच्या पेनच्या रेषांत गोव्याची घरे आणि गल्ल्या टिकून राहिल्या; प्रत्येक घराला असा चित्रकार लाभत नाही, परंतु प्रत्येक कुटुंबात आज एक स्मार्टफोन असतोच.

अशा नोंदीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येतो. प्रथम घरातून हिंडून टॅब्लेटवर किंवा कागदावर हाताने कच्चा नकाशा काढावा आणि प्रत्येक खोलीला घरात रूढ असलेले तिचे नाव व एक क्रमांक द्यावा. त्यानंतर टेपने अथवा लेसर मापकाने प्रत्येक खोलीच्या चारही भिंती आणि दोन्ही कर्ण मोजावेत. जुन्या खोल्या क्वचितच काटकोनी असतात. समोरासमोरच्या भिंती सारख्या असूनही दोन कर्ण वेगळे आले, तर खोली तिरकी आहे हे समजते. ४ × ३ मीटरच्या काटकोनी खोलीचा कर्ण नेमका ५ मीटर यावा, हा गवंड्याच्या गुण्यामागील जुना हिशेब येथेही कामी येतो. भिंतींची जाडी, उंबऱ्याची व पायरीची उंची, आढ्याची उंची वेगळी नोंदवावी.

यानंतर छायाचित्रे घ्यावीत. भिंतीसमोर सरळ उभे राहून, शक्य तेवढे मागे सरून, फोनच्या मुख्य भिंगाने ती टिपावीत; अतिरुंद भिंगाने कडा वाकतात. प्रत्येक छायाचित्रावर लेखणीने खोलीचा क्रमांक आणि दिशा लिहावी. खिडकीचे तावदान, खुंटी, कडी, कोयंडा, खांबावरील कोरीवकाम यांचे जवळून छायाचित्र घेताना शेजारी मोजपट्टी धरावी. शेवटी लायडारची किंवा छायाचित्रांपासूनची त्रिमितीय प्रत करावी. तिचा उपयोग एकूण रूप जतन करण्यासाठी. नकाशा काढावयाचा तो टेपच्या आकड्यांवरून. घरातील ज्येष्ठांकडून कोणती खोली केव्हा वाढविली, माजघर कोठे होते, बाळंतिणीची खोली कोणती, हे ऐकून त्याच नकाशावर टिपून ठेवले, तर तो कागद घराच्या दुरुस्तीला आणि पुढच्या पिढीला सारखाच उपयोगी पडतो.

सराव करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना सार्वजनिक वास्तूही उपलब्ध आहेत. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी रचलेली मांडवीकाठची कला अकादमी बाहेरून रेखाटताना उघड्या जागा, सावली आणि नदी यांचा संबंध आपोआप समजत जातो.

आराखडा आणि परवाना

घरी टॅब्लेटवर काढलेला आराखडा घरमालकाची गरज समजावून सांगण्यास उत्तम. बांधकामाचा परवाना मात्र त्यावर मिळत नाही. वास्तुविशारद कायदा, १९७२ नुसार ‘आर्किटेक्ट’ हे नामाभिधान केवळ वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्यांनाच लावता येते. गोव्यात बांधकामाचे नियम २०१० च्या भूविकास व इमारत बांधकाम विनियमांत दिलेले आहेत आणि जागेनुसार नगर व ग्रामनियोजन खाते किंवा नियोजन व विकास प्राधिकरण, तसेच पंचायत किंवा पालिका यांच्या मान्यता लागतात. त्यासाठीचे नकाशे पात्र व नोंदणीकृत व्यावसायिकाच्या स्वाक्षरीने सादर करावे लागतात. तुळई, खांब किंवा जाड भिंत काढून टाकण्याचा निर्णय तर पडद्यावरील चित्र पाहून कधीच घेऊ नये. जुन्या घरातील चिऱ्याची भिंत बहुधा छपराचा भार पेलत असते.

हक्कांचा प्रश्न

टॅब्लेटवर काढलेले चित्र आणि वास्तूचा आराखडा या दोहोंना स्वामित्वहक्क कायदा, १९५७ चे संरक्षण आहे. चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षे ते टिकते. वास्तूच्या बाबतीत संरक्षण तिच्या कलात्मक स्वरूपाला व रचनेला मिळते, बांधकामाच्या पद्धतीला नव्हे.

एक तरतूद बहुसंख्य तरुण चित्रकारांना ठाऊक नसते. कोणी मोबदला देऊन रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र करवून घेतले आणि उलट करार केलेला नसेल, तर त्या चित्राचा प्रथम स्वामी काम सांगणारा ठरतो. नोकरीत असताना त्या कामाचा भाग म्हणून काढलेल्या चित्रांचे स्वामित्वही करार नसल्यास सामान्यतः मालकाकडे जाते. चित्र एकदाच वापरावयाचे की कायमचे, दुसऱ्या वस्तूंवर छापता येईल काय, मूळ थरांसह प्रत द्यावयाची काय, हे काम घेतानाच चार ओळींत लिहून दोघांनी मान्य करावे. कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या विकृतीकरणास हरकत घेण्याचा अधिकार मात्र हक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही चित्रकाराकडे राहतो.

कामाचे जतन

कागदावरचे चित्र पिवळे पडते, तरी दिसत राहते. पडद्यावरचे एकाएकी नाहीसे होते. प्रोक्रिएटसारख्या ॲपमधील चित्रे साधनातच साठलेली असतात आणि ॲप काढून टाकले की तीही जातात. म्हणून प्रत्येक पूर्ण कामाच्या तीन प्रती ठेवाव्यात : ॲपच्या स्वतःच्या स्वरूपातील, थरांसह पीएसडी स्वरूपातील आणि पाहण्यासाठी पीएनजी किंवा टिफ स्वरूपातील. नकाशांसाठी पीडीएफबरोबर डीडब्ल्यूजी किंवा डीएक्सएफ प्रत असावी आणि एकक मिलिमीटर की मीटर हे फाइलच्या नावातच लिहावे. प्रती साधनाबाहेर दोन वेगळ्या ठिकाणी, एक बाह्य तबकडीवर आणि एक इंटरनेटवरील साठवणुकीत, असाव्यात. जुन्या घराच्या नोंदीची तर एक कागदी छापील प्रत घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी. वीस-तीस वर्षांनी आजची ॲप्स असतील की नसतील, तो कागद विनासायास वाचता येईल.

आरंभ करणाऱ्यासाठी

महागडा टॅब्लेट हाती असल्याशिवाय आरंभ करता येत नाही, ही समजूत टाळावी. हाताशी असलेला फोन, एक विनामूल्य ॲप, दहा मीटरची टेप आणि वही एवढ्या सामग्रीवर रेखाटन, मोजमाप आणि नोंद या तिन्ही गोष्टी शिकता येतात. काम वाढू लागले, बारीक तपशील व मोठा आकार लागू लागला की लेखणीसह टॅब्लेटकडे वळावे. तोपर्यंत डोळ्याला प्रमाण आणि हाताला रेषा यांची सवय झालेली असते. या पावसाळ्यापूर्वी आपल्या घराच्या एखाद्या जुन्या खोलीचे चार भिंती, दोन कर्ण आणि एक खिडकी एवढेच मोजून रेखाटले, तरी तो एक चांगला आरंभ ठरेल.